ठणक्याची गोळी आणि फडातली तहान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दसरा उलटला की आमच्या गेवराई तालुक्यातून ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात. भांडी, पीठ, पांघरुणं आणि त्यांच्यासोबत दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं. माझ्या थोरल्या वहिनीनं १५ हंगाम कोयता चालवला. पहाटे एक गोळी, मोळ्या वाहून पाठ धरली की रात्री एक, बहुतेक वेळा उपाशीपोटी. आज तिची किडनी अधू आहे. डॉक्टरांनी कारणांमध्ये या गोळ्यांचंही नाव घेतलं, तेव्हा तिनं मला विचारलं, "वन्सं, पाठीची गोळी किडनीपर्यंत कशी गेली वो?" मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं, तरी तिला चटकन सांगता आलं नाही.

इजा झाली की तिथल्या पेशी आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी आपल्याच आवरणातून ॲराकिडोनिक नावाचं स्निग्धाम्ल सुटं करतात. त्यापासून एका वाटेनं प्रोस्टाग्लँडिन बनतं. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, जागा सुजते, ठणकते. गोळी ही वाट अडवते. ॲस्पिरिन असं काम करतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये ते वाटेकरी झाले. पण हेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर आम्लापासून जपतं. अंगातलं पाणी कमी पडलं की किडनीकडं रक्त वाहतं ठेवायलाही तेच लागतं. फडात बायका दिवसभर पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. त्यात ऊन, घाम आणि वर ही गोळी. किडनीला रक्त कमी पडतं ते इथं.

त्याच स्निग्धाम्लापासून दुसऱ्या वाटेनं ल्युकोट्राइन बनतं, ते श्वासनळ्या आवळतं. काही दमेकऱ्यांना या गोळ्यांनी धाप लागते, कारण पहिली वाट अडली की त्यांच्या अंगात हे वाढतं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. सूज आपोआप विझत नाही. काम झालं की पांढऱ्या पेशी लिपॉक्सिन, रिझॉल्व्हिन नावाची द्रव्यं बनवून ती आवरती घेतात, आणि रिझॉल्व्हिन ओमेगा-३ या स्निग्धाम्लांपासून बनतं. म्हणून कुणी जवसाकडं बोट दाखवतं. जवसाच्या तेलात ओमेगा-३ निम्म्याच्या आसपास असतं खरं, पण रिझॉल्व्हिनला लागतं त्या रूपात शरीर त्यातलं थोडंच बदलतं. जवसाची चटणी रोज खावी. तिच्यावर विसंबून दुखणं मात्र अंगावर काढू नये.

गाड्या हलण्याआधी गावातच मजुरांची क्रिएटिनिन तपासणी (किडनी कशी चालते हे सांगणारी रक्ततपासणी) व्हावी आणि फडावर प्यायचं पाणी व बायकांसाठी आडोसा असावा, एवढं आपण लावून धरावं. शिवाय कोणती गोळी, किती दिवस, कुणी घेऊ नये, हे एखाद्या डॉक्टरांकडून सोप्या मराठीत लिहून घेऊन याच आठवड्यात छापावं. आमच्या गल्लीतल्या ३ गाड्या सोमवारी निघतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ता. गेवराई, जि. बीड