मुक्तास पत्र

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी तुझ्यावर आवाज चढवला, ते योग्य झाले नाही. बाबांच्या एमआरआयच्या अहवालात हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, आक्रसल्याचे वाचून तू म्हणालीस, "मला हे आधीच कळायला हवे होते", आणि ते मला ऐकवले नाही.

दोन चेतापेशी जिथे एकमेकींशी बोलतात, त्या चेतासंधीतली फट जेमतेम वीस नॅनोमीटरची असते, हे तूच मला समजावले होतेस. तिथे चाललेली पडझड तुला आठवड्याच्या एका फोनवरून कशी दिसणार? तू ठेवून गेलेले टिपण मी पुन्हा वाचले. रॉबर्ट टेरी यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले, की अल्झायमरमध्ये बुद्धी किती मंदावली याचा मेळ मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या साठ्यांपेक्षा गळालेल्या चेतासंधींशी अधिक बसतो. आणि त्याखाली तुझ्याच अक्षरात आहे, की संख्या घटली तरी उरलेल्या संधी आकाराने वाढून काही काळ काम निभावून नेतात. म्हणजे घरात वावरणाऱ्या मलाही जे जाणवले नाही, ते तुला जाणवायला हवे होते, असे तू कोणत्या न्यायाने म्हणतेस?

लेकॅनेमॅब या औषधाबद्दल तू घाई करू नकोस. अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, पण गेलेले परत आले नाही, आणि मेंदूला सूज येण्याची व रक्तस्राव होण्याची जोखीम आहेच. निर्णय डॉक्टरांसमोर बसून घेऊ. उशीर तुझ्यामुळे झाला, हे मात्र त्यांच्यापुढेही बोलू नकोस. बघ, पुन्हा तेच लिहू लागले; क्षमा कर.

मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, लहानपणी नको असलेल्या चेतासंधी छाटतात आणि उंदरांमध्ये या आजारात तीच छाटणी अवेळी पुन्हा सुरू होताना दिसली, हे तू सांगितलेस, तेव्हा बाबा किती वेळ तुझ्याकडे पाहत राहिले होते! नंतर मला म्हणाले, "आपली पोर किती सोपे करून सांगते." तो अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर आजही तसाच उमटतो, तुझे नाव निघाले की.

काल त्यांनी भिंतीवरचे घड्याळ उघडले. लहानपणी तू त्यांच्याजवळ बसून ज्या क्रमाने स्क्रू मांडायचीस, त्याच क्रमाने त्यांनी ते वर्तमानपत्रावर मांडले, पण शेवटचे दोन कुठे बसवायचे ते त्यांना सुचेना. बराच वेळ चिमटीत धरून झाल्यावर त्यांनी ते माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "मुक्ताला ठाऊक असेल." स्क्रू तुझ्या टेबलाच्या खणात आहेत. घड्याळ बंदच आहे. त्याची घाई नाही, आणि तेही तुझ्यावर ओझे म्हणून लिहिलेले नाही.

तुझी आई