दोन ओळींची पोस्ट आणि सव्वाचार लाख सह्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

इलेक्शन आलं की तुमच्या पेपरात रोज तेच, मतदान करा, सुट्टी समजून घरी लोळू नका, शाईच्या बोटाचा सेल्फी पाठवा. चूक काहीच नाही त्यात. पण ज्या नियमांनी इलेक्शन होतं ते नियम बदलायला कोण धडपडतं याबद्दल तुमच्याकडे वर्षभरात एक कॉलम पण येत नाही, म्हणून हे पत्र. जो माणूस त्याच नियमांनी निवडून आलाय तो स्वतःहून ते कशाला बदलेल, त्याचं सगळं छानच चाललंय की!

अमेरिकेतलं मिशिगन राज्य घ्या. तिथे मतदारसंघांच्या सीमा आमदारच ठरवायचे, म्हणजे ज्याची सत्ता त्याच्या हातात पेन्सिल, आपली मतं कुठे आहेत ते बघायचं आणि तशी रेघ ओढायची. 2016 च्या निवडणुकीनंतर एका तरुणीने फेसबुकवर साधी दोन ओळींची पोस्ट टाकली, की मला हे बंद करायचंय, कोणी येतंय का सोबत. बास एवढंच. पण लोक आले, पॅड आणि पेन घेऊन रस्त्यावर, बाजारात, जत्रेत उभे राहिले आणि हा बदल थेट लोकांच्या मतदानाला टाकता यावा म्हणून चारेक महिन्यांत सव्वाचार लाखांच्या वर सह्या जमवल्या. विरोधकांनी कोर्टात नेलं, तिथेही टिकलं, आणि 2018 च्या सार्वमतात 61 टक्के लोक हो म्हणाले. आता तिथे सीमा ठरवायला 13 सामान्य नागरिकांचा आयोग आहे, दोन मोठ्या पक्षांचे 4-4 आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले 5, तेही अर्जांतून सोडत काढून. सगळं गोड झालं असं नाही हं, डेट्रॉइट भागातले 13 मतदारसंघ वंश बघून आखले म्हणून 2023 मध्ये कोर्टाने रद्द केले, परत आखायला लागले. पण चूक झाली ती सगळ्यांच्या समोर झाली, बंद खोलीत नाही.

ब्राझीलमध्ये पण 13 लाखांवर सह्या गोळा करून लोकांनी 2010 ला कायदा करून घेतला की वरच्या कोर्टात दोषी ठरलेल्याला 8 वर्षं उभं राहता येणार नाही. गंमत म्हणजे त्यावर राष्ट्राध्यक्ष म्हणून सही केली लुला यांनी आणि 2018 ला त्याच कायद्याने त्यांचीच उमेदवारी गेली. (पुढे त्यांच्या शिक्षा रद्द झाल्या तो भाग वेगळा.)

आपल्याकडेही झालंय की. उमेदवाराने गुन्हे, मालमत्ता, शिक्षण प्रतिज्ञापत्रात लिहायचं हे कुठल्या पक्षाने दिलेलं नाही, 1999 मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधले काही प्राध्यापक कोर्टात गेले त्यातून आलं. 2002 ला सुप्रीम कोर्टाने हो म्हटल्यावर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एक झाले आणि कायदाच बदलून ते बोथट करायला निघाले, शेवटी मार्च 2003 मध्ये कोर्टाने ती दुरुस्ती पण रद्द केली.

आणि एवढं भांडून मिळवलेलं ते प्रतिज्ञापत्र वाचतं कोण? मी गेल्या वेळी एक उघडलं, स्कॅन तिरकं, अक्षर पुसट, पानावर पान, तिसऱ्या पानावर कंटाळून बंद केलं. कबूल करतो.

तर विनंती एवढीच की मतदानाच्या आठवडाभर आधी प्रत्येक उमेदवाराचं एका चौकटीत छापा, केसेस किती आणि कसल्या, मागच्या वेळी मालमत्ता किती होती आणि आता किती. फक्त आकडे, तुमचं मत नको. किती करोडपती उभे आहेत त्याची एक बातमी टाकून विषय संपवता तसं नको. जागा नाही म्हणाल तर त्या आठवड्यात पहिल्या पानावर उमेदवारांचेच हात जोडलेले फोटो असतात, त्यातला एक थोडा लहान करा.

आपला,
एक जुना वाचक