कांदा-लसूण मसाल्याची बरणी कपाटात ठेवायला लावणाऱ्या काकांना

ह्यूस्टन, टेक्सस

प्रिय काका,
सा. नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलून ॲस्ट्रोजच्या बेसबॉल मॅचवर जाता, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय स्पर्धा झाल्यापासून मंडळातली मंडळी माझ्याकडे रेसिपी मागताहेत. ती माझी नाही, तुमची आहे, हे एकदा चारचौघांत सांगून टाकतो.

आमच्या वसाहतीतली चिलीची स्पर्धा तशी घरगुतीच. (चिली म्हणजे इथलं वाळक्या मिरच्यांच्या वाटणात शिजवलेलं दाट मांसाचं कालवण, बहुतेक गोमांसाचं.) पार्किंगमध्ये टेबलं मांडायची, आपापली पातेली आणायची, शेजाऱ्यांनी चाखायचं. पण टेक्ससमध्ये चिलीच्या बाबतीत ‘घरगुती’ असं काही नसतं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. 1977 साली इथल्या विधिमंडळाने ठराव करून चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं, तेव्हा सांभाळून कर, असं म्हणालात. आणि मग ओट्यावरची कांदा-लसूण मसाल्याची बरणी उचलून स्वतःच्या हाताने कपाटात ठेवलीत. “तांबडा रस्सा कर की कधीतरी, मी जेवायला येतो. पण त्याला चिली म्हणू नकोस.” कोल्हापूरच्या माणसाला हे ऐकवणं सोपं नाही. तुम्ही ऐकवलंत.

गोमांस मी खात नाही, तेव्हा सगळं इथेच संपणार असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, नियमात मांस लागतं, कुठलं ते लिहिलेलं नाही. हिलक्रॉफ्ट रस्त्यावरच्या दुकानातून बोकडाच्या खांद्याचं मटण आणायला लावलंत, बिनहाडाचं, आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करून घेतलेत. राजमा मात्र वर्ज्य. राजमा टाकला की स्पर्धेतून बाद, कारण तो भर घालणारा जिन्नस. (घरी मी राजमा घालतो काका, आणि मला आवडतो. हे पत्र जाहीर असलं तरी लिहितोच.)

खरी शिकवणी मिरचीची. आंचो, ग्वाहियो आणि आर्बोल अशा तीन वाळक्या मिरच्या तुम्ही ओट्यावर मांडल्यात आणि विचारलंत, “आई मसाला करताना काय काय घेते?” म्हटलं, रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी आणि लवंगी. “मग तुला निम्मं येतंय.” आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो, तिने अंग आणि गोडसरपणा येतो. ग्वाहियोने लाली. आर्बोल फक्त झणका द्यायला, बेताने. मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांबरोबर, मूळची ती मेक्सिकोच्याच बाजूची. तेव्हा मी तिच्या माहेरी येऊन तिला नव्याने ओळखत होतो म्हणा ना.

भाजणं मी कधी विसरणार नाही. देठ नि बिया काढून आंचो उघडी करायची, तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकून उलथन्याने दाबून धरायची. काही सेकंदांत ती मऊ पडते, रंग जरा उजळतो आणि मनुकांसारखा वास सुटतो. तो वास आला की उलटायची. ठसका लागेपर्यंत थांबायचं नाही, कारण करपली की सगळं पातेलं कडू. आपल्याकडे खमंग म्हणजे थोडी काळपट अशी माझ्या हाताची सवय, आणि तुम्ही शेजारी उभं राहून “काढ, काढ” करत होतात. मग गरम पाण्यात भिजवून वाटण. ग्वाहियोची साल चिवट, ती वाटल्यावरही दातात येते म्हणून गाळायला हवी, तर काकूंनी पुरणाची चाळण आणून दिली. मटणाला लागणार नाही ना, एवढंच विचारलं. काकू, नाही लागली, आणि दोनदा घासून दिलीय. तुमचेही आभार यातच आले.

लसूण सोलताना तुम्ही टेक्ससमधल्याच सॅन अँटोनियो शहरातल्या ‘चिली क्वीन्स’ची गोष्ट सांगितलीत. तिथल्या मिलिटरी प्लाझात संध्याकाळी कंदील लावून, टेबलं टाकून चिली विकणाऱ्या त्या मेक्सिकन बायका. 1893च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा ठेला लागला तो त्यांच्याच हातच्या चवीच्या जोरावर. आणि पश्चिम टेक्ससमधल्या टर्लिंग्वा गावातली 1967ची चिलीची ती पहिली गाजलेली लढत: टेक्ससचा पत्रकार विक फाउलर विरुद्ध बाहेरून आलेला लेखक एच. ॲलन स्मिथ. दोघांना एकेक मत, आणि तिसऱ्या परीक्षकाने आपली जीभच कामातून गेल्याचं जाहीर केल्यामुळे निकाल बरोबरीत! हे सांगताना तुम्हाला इतकं हसू येत होतं की लसूण माझ्या एकट्यावर पडला.

बाकी कृती ज्यांना हवी त्यांच्यासाठी थोडक्यात. दीड किलो मटणाला सहा आंचो, चार ग्वाहियो, दोन आर्बोल. मटण थोडं थोडं करून परतायचं, गर्दी केली की पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी शिजतं. कांदा, लसूण, भाजून कुटलेलं जिरं मोठा चमचाभर, तळहातावर चुरडलेला मेक्सिकन ओरेगॅनो. मिरचीचं वाटण आणि स्टॉक घालून मंद आचेवर अडीच तास. कुकर नाही, रस आटायला हवा. शेवटच्या वीस मिनिटांत दोन चमचे मासा हारीना गार पाण्यात कालवून घालायचं. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं ते पीठ, रश्शाला दाटपणाही देतं आणि मक्याचा वासही. जिऱ्याचा थोडा भाग मागे ठेवून अगदी शेवटी घालायचा, हे तुमचं खास. जिऱ्याचा वास उकळीत उडून जातो आणि परीक्षक आधी वासच घेतात.

तुम्ही चमचा तोंडात घातलात, डोळे मिटलेत, बराच वेळ गप्प. मी घामाघूम. मग म्हणालात, “मीठ.” एवढंच! मीठ घातल्यावर पुन्हा चाखलंत आणि विचारलंत, गिळल्यावर काय उरतंय ते बघ. तोवर असा विचार मी कधी केला नव्हता. परीक्षक वास, रंग, दाटपणा, चव आणि मागे रेंगाळणारी चव असे पाच गुण बघतात आणि निम्मे लोक शेवटच्यात मार खातात, हे तुमचं निरीक्षण अगदी खरं निघालं. एकसारख्या पांढऱ्या कपांत, नावाशिवाय, ओळीने ठेवलेल्या चिल्या मी स्वतः चाखल्या. दोन-तीन तर पहिल्या घासाला माझ्यापेक्षा सरस होत्या, पण मागून नुसती जळजळ.

दुसरा नंबर आला. पहिला गेला धुरावर रात्रभर शिजवलेल्या ब्रिस्केटच्या (गाईच्या छातीच्या मांसाच्या) चिलीला, आणि ती खरंच फर्मास होती असं खाणारे सांगत होते. परीक्षकांच्या कागदावर माझ्या कपाच्या नंबरापुढे रंगाला पैकीच्या पैकी मार्क होते. ते ग्वाहियोचे, म्हणजे तुमचे.

तुमचं बिडाचं पातेलं शनिवारी आणून देतो. त्यात थोडी चिली ठेवलीय, फ्रिजमध्ये मुरून आता जास्त चांगली लागतेय. आणि पुढच्या वर्षी आर्बोल तीन घालणार आहे, त्यावर आपलं भांडण बाकी आहे.

काकूंना नमस्कार. लोभ असावा.

तुमचा,
पलीकडच्या गल्लीतला कोल्हापूरकर