विहिरीतल्या उड्या आणि घरच्या गोष्टी

राय, सासष्टी, गोवा
२६ जून

प्रिय आई, पप्पा आणि आजी,
प्रभू येशूच्या नावाने सलाम.

तब्येत छान आहे, डबा वेळेवर मिळतो, आणि पावसात स्कूटर हळू चालवतो. वेर्ण्याच्या नोकरीचं फोनवर बोलणं होतंच, ते पुन्हा लिहीत नाही. आजी अजून सगळ्यांना ‘नातू परदेशी आहे’ म्हणून सांगते, असं सोनू म्हणाली. सांगू दे तिला. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीजांचंच राज्य होतं, तिच्या लहानपणचा गोवा परदेशच होता.

आई, व्हिडिओ बघून तू घाबरलीस म्हणून नीट सांगतो. ती माणसं विहिरीत पडली नव्हती, आनंदाने उड्या मारत होती. २४ जूनला इथे सांजांव असतो. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्मदिवस, नाताळच्या आधी सहा महिने. मरिया अलीशिबेला भेटायला गेली तेव्हा अलीशिबेच्या पोटातल्या बाळाने उल्हासाने उडी मारली, हे लूकच्या पहिल्या अध्यायातलं आपण शब्बाथशाळेत शिकलोय. तीच उडी इथले लोक विहिरीत मारतात! डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट. घुमट हे मातीच्या मडक्याचं वाद्य वाजवत, ‘विवा सांजांव’ ओरडत घरोघरी जायचं आणि वाटेत जी विहीर लागेल तिच्यात उतरायचं. नव्या जावयाचा यात मोठा मान. पहिल्या सांजांवाला त्याला सासरी बोलावतात.

यंदा आमच्या घरमालकांचा जावई आला होता. कठड्यावर उभा राहिला आणि पाय मागे घेऊ लागला. तेवढ्यात सत्तरीचे सासरेच शर्टासकट धपकन आत! वर आले ते बोडक्याने. कोपेल दूर तरंगत होती आणि तिच्यावर एक बेडूक ऐटीत बसला होता. सासूबाई हसता हसता खालीच बसल्या, मग जावयानेही नाक धरून उडी मारली. आई, इतकं मनापासून मी फार दिवसांनी हसलो. आपल्याकडे मृग कोरडा गेला की तुमचे चेहरे कसे होतात ते माहीत आहे, म्हणून तुडुंब विहीर बघून आधी देवाचे आभार मानले.

हो, मीही उडी मारली. पोहायला पप्पांनीच शिकवलंय, आणि काठावर दोर घेऊन माणसं उभी होती. फेणी फिरत होती, मी घेतली नाही. कॅथलिकांच्या घरात राहून मी बदललोय, असं मावशीला वाटतं. तसं काही नाही. ते रोझरी म्हणतात तेव्हा मी शेजारी बसून माझी प्रार्थना करतो. त्यांनी मला कधी परकं मानलं नाही.

पप्पा, तुमच्यासाठी एक गोष्ट. राशोलची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, इथून जवळच आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोललाच छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, पण रोमन अक्षरांत छापलेल्या! रविवारी पाऊस उघडल्यावर गेलो होतो. खाली खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत पाणी भरलेलं, बगळे उतरलेले. तुम्ही वर्गात ओवी कशी म्हणायचात ते आठवलं, आणि तिथेच त्या चालीत ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायचा प्रयत्न केला. डोळा पूर्ण बरा झाला की तुम्हाला इथे आणायचंच. ऑपरेशनच्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, सगळं सोनूवर पडलं. तिने कधी बोलून दाखवलं नाही, त्याचंच जास्त वाटतं.

पैसे पाच तारखेला टाकतो. या महिन्यात थोडे कमी येतील, खोलीचं भाडं वाढलंय. पण सोनूच्या लग्नाच्या हॉलचा इसार मीच देणार, पप्पांनी सोसायटीचं कर्ज काढू नये. बाकीचं नाताळच्या बोनसमधून भागवू. लग्नाला आठवडाभर आधी येतो, मंडपापासून पंगतीपर्यंत सगळं माझ्याकडे.

आणि राहुरीच्या स्थळाला थांबवून ठेवू नका, नाही म्हणून कळवा. मुलगी चांगलीच असणार, तिला ताटकळत ठेवणं बरं नाही. कारण मी रविवारी फोनवर सांगेन. आई, आधी पूर्ण ऐकून घे, मग रागाव. आजीला आत्ताच काही सांगू नकोस.

तुमचाच,
बाळू