आमच्या बाईंचा नवरा 'मारतो', वरच्या मजल्यावर मात्र 'वाद' होतो

संपादक महोदय,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एकाच पानावर दोन बातम्या होत्या. एक वस्तीतली, मथळा 'दारुड्या पतीची पत्नीला बेदम मारहाण', आणि दुसरी मोठ्या कॉम्प्लेक्समधली, 'उच्चशिक्षित दाम्पत्याचा वाद पोलिसांत'. दुसरी शेवटपर्यंत वाचली तेव्हा कळलं की तिथे बायकोचा हात मोडलाय. मग हा वाद कसा झाला हो? हात मोडला म्हणजे मारहाणच ना, नवरा कुठल्या कंपनीत मॅनेजर आहे त्याचा काय संबंध?

हे इतकं लागलं कारण माझ्या बिल्डिंगमध्ये अगदी हेच चाललंय. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाई गेल्या वर्षी एकदा डोळा सुजलेला, ओठ फुटलेला अशा कामाला आल्या. त्या दिवशी आख्खी विंग गोळा झाली, कोणी हळद लावतंय, कोणी म्हणतंय सोड त्याला, कोणी म्हणतंय चल पोलीस स्टेशनला आम्ही येतो बरोबर, आणि आमच्या सेक्रेटरींनी तर तिच्या नवऱ्याला फोन लावून चांगला दम भरला. बरोबरच केलं, त्यात मला काही चुकीचं वाटत नाही.

पण माझ्या वरच्याच फ्लॅटमधून तीन वर्षं झाली रात्री आवाज येतात. आधी त्याचं ओरडणं, मग काहीतरी आपटल्याचा आवाज, मग लहान मुलाचं रडणं आणि मग लगेच टीव्ही मोठा होतो. सकाळी तोच माणूस लिफ्टमध्ये गुड मॉर्निंग काकू म्हणतो, इंजिनिअर आहे, गणपतीत सगळ्यात जास्त वर्गणी त्याची, आरतीला ताम्हन त्याच्याच हातात. मी कमिटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर उत्तर मिळालं, "मॅडम तो त्यांचा पर्सनल मॅटर आहे, भांड्याला भांडं लागायचंच." हीच कमिटी, पार्किंगवरून दोघांची झटापट झाली तेव्हा दहा मिनिटांत 112 ला फोन करून मोकळी झाली होती.

आणि मला खरं गप्प केलं ते आमच्या बाईंनी. त्या वरच्यांकडे पण भांडी घासतात. एक दिवस म्हणाल्या, "ताई, वरच्या मॅडमच्या दंडावर पण वळ असतात, त्यांना का नाही सांगत कोणी सोड म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. उत्तर होतं, पण ते तोंडातून काढायची लाज वाटली, की बाई तुझ्या घरात शिरायला आम्हाला काही वाटत नाही, त्याच्या दाराची बेल वाजवायला वाटतं.

लोक म्हणतात शिकलेल्या घरात असं कमी होतं. कमी होतं हे खरं, पण किती कमी? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात न शिकलेल्या बायकांपैकी सुमारे 40 टक्क्यांनी शारीरिक हिंसा सोसल्याचं सांगितलं, शाळा पूर्ण केलेल्यांमध्ये हे प्रमाण 18 टक्के होतं. सगळ्यात श्रीमंत गटातही 17 टक्के. म्हणजे सहा बायकांमागे एक. आमच्या विंगमध्ये 28 फ्लॅट आहेत, करा हिशोब. आणि त्याच सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या दर चारातल्या तिघींनी कुठे मदत मागितली नाही की कोणाला सांगितलं सुद्धा नाही. मग हे जे आकडे आहेत ते तरी पूर्ण कसे म्हणायचे, ज्या बाईला स्टेटस सांभाळायचंय ती सर्वेक्षणवाल्याला तरी कशाला सांगेल?

(अशीच वेगळी फूटपट्टी पुरुषांनाही लावतात. आमच्या नात्यातल्या एका मुलाला बायकोने तवा फेकून मारला, कपाळाला टाके पडले, तो चौकीत गेला तर तिथे हसले त्याला. लागलंय किती हे बघायचं सोडून कोणी कोणाला मारलं ते बघून आपण हसायचं की रडायचं ते ठरवतो.)

2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे, आणि मला स्वतःला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं की त्याच्या कलम 4 प्रमाणे शेजारी सुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर कसलीही कारवाई होऊ शकत नाही. नात्याचं असायची गरज नाही, पुरावा गोळा करायची नाही, असं होतंय असं मानायला कारण असलं की पुरे. म्हणजे 'पर्सनल मॅटर' हे जे कमिटी म्हणते ते कायदा म्हणतच नाही.

परवा वरच्या फ्लॅटमधली ती लिफ्टमध्ये भेटली. उन्हाळ्यात फुल बाह्यांचा ड्रेस. मी काही बोलायच्या आधी तीच हळूच म्हणाली, "काकू, काल आवाज आला का तुमच्याकडे? सॉरी हां." मार तिने खायचा आणि सॉरी पण तिनेच म्हणायचं. मी तिला माझा नंबर दिला आणि सांगितलं रात्री कधीही बेल वाजव, आणि दुसऱ्या दिवशी 181 या महिला हेल्पलाइनला फोन करून संरक्षण अधिकाऱ्यांकडे कसं कळवायचं ते विचारून घेतलं.

तुम्हाला दोन विनंत्या. आपल्या जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्यांचे ऑफिसचे पत्ते आणि फोन आठवड्यातून एकदा तरी पुरवणीत छापा, लोकलच्या मेगाब्लॉकचं वेळापत्रक छापता तसे. आणि मारहाणीच्या बातमीला मारहाणच म्हणा, पत्ता कुठलाही असो.

एक वाचक,
डोंबिवली (पूर्व)