चेन गेली म्हणून बॅग टाकू नका

मा. संपादक साहेब,

पाऊस लागला की गोव्यात कुळें, वाळपई, नेत्रावळीकडे ट्रेकवाल्यांची झुंबड उडते आणि जिकडेतिकडे याद्या सुरू होतात, नवीन सॅक घ्या, नवीन बूट घ्या, नवीन पोंचो घ्या. घरात पडलेल्या जुन्या सॅकचं काय करायचं ते मात्र कोणी सांगत नाही. चेन लागत नाही म्हणून दुकानात नेली तर पोरगा धड न बघताच सांगतो, ही गेली, दुसरी घ्या. अहो, बहुतेक वेळा चेन ठीकच असते, झिजलेला असतो तो रनर, म्हणजे चेन उघडबंद करणारा सरकता तुकडा! रनर चेनच्या सुरुवातीला आणायचा आणि त्याच्या मागच्या दोन्ही कडा पक्कडीने हलक्या दाबायच्या, चेन परत धरते. हलक्या म्हणजे हलक्याच, जास्त जोर लावलात तर कटकन तुटतो. तुटला तरी बिघडत नाही, रनरच्या पाठीवर बरेचदा 5 किंवा 8 असा नंबर असतो तो बघून तसलाच आणायचा, टोकाचे टाके उसवून चढवायचा आणि परत शिवायचं. धागा नायलॉन नाहीतर पॉलिस्टरचा, सुती नको, आपल्या दमटपणात तो कुजतो आणि पट्टा नेमका चढावर सुटतो.

आमच्याकडे खरी वाट लागते ती आतल्या कोटिंगची. सॅक ओलसरच कपाटात कोंबली की उष्णता आणि दमटपणाने ते पॉलियुरेथेनचं कोटिंग हळूहळू विरघळल्यासारखं होतं, चिकट, वास मारणारं, मग पापुद्रे सुटतात. ते परत जुळत नाही, खरवडून टाका आणि आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीवरून ओघळत आत शिरतंच (सह्याद्रीच्या पावसात भिजलेल्यांना हे सांगायची गरज नाही म्हणा).

हे ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी बाजारात छत्र्या-चपला दुरुस्त करणारे आहेतच, आरीने ते पट्टा असा पक्का करतात की कंपनीची शिवण झक मारेल. पण ऐन पावसात, म्हणजे कामाच्या सीझनलाच, त्यांना बसायला धड छप्पर नाही. पालिकांनी जून ते सप्टेंबर मार्केटच्या आत त्यांना एक कोपरा द्यावा, आणि बॅगा विकणाऱ्यांनी सुटे रनर, बकलं काउंटरवर ठेवावीत, एवढीच मागणी आहे.

– एक वाचक, फोंडा