प्रेमात पडूनही न सुधारणारे चोर

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील, भामट्यांच्या प्रेमकथा रंगवणाऱ्या विनोदी चित्रपटांवरचा लेख आवडीने वाचला. परंतु त्यात हॉलिवूडचे दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच यांच्या ‘ट्रबल इन पॅरडाइज’चा (१९३२) साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटले. अभ्यासकांनी डोक्यावर घेतलेला हा अवघ्या ८३ मिनिटांचा चित्रपट आपल्याकडच्या सामान्य प्रेक्षकापर्यंत मात्र पोहोचलेलाच नाही.

लेखात म्हटले आहे की, अशा कथांत प्रेम भामट्याला माणसात आणते. बहुतेक चित्रपटांबाबत ते खरे असेल, येथे मात्र नेमके उलटे घडते. व्हेनिसच्या हॉटेलात बॅरन म्हणवणारा गॅस्टन (हर्बर्ट मार्शल) आणि काउंटेस म्हणवणारी लिली (मिरियम हॉपकिन्स) जेवायला बसले आहेत. ‘तुम्ही चोर आहात’ असे लिली त्याला शांतपणे सांगते आणि त्याच दमात मीठ मागते. तोही तितक्याच अदबीने मीठ पुढे करतो आणि मिरपूडही हवी का, असे विचारतो. मग तो उठून दाराला कडी घालतो, पडदे ओढतो आणि तिला खांद्यांना धरून गदागदा हलवतो, तेव्हा त्याच्याच खिशातून तिने लांबवलेले पाकीट खाली पडते. पुन्हा जेवण सुरू होते. तो तिची पिन परत करतो; ती त्याचे घड्याळ परत करते, पाच मिनिटे मागे होते ते लावून दिले आहे, असे सांगून. शेवटी तिच्या पायमोज्याचा पट्टाही त्याच्याकडे निघतो आणि ती त्याच्या गळ्यात पडते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात, हे आपण नेहमी संशयाने म्हणतो. लुबिच यांनी त्यातूनच प्रेम उभे केले आहे.

मी हा चित्रपट नौपाड्यातील आमच्या घरी, इंग्रजी न समजणाऱ्या माझ्या आईसोबत पाहिला. मराठी उपशीर्षके नसल्याने मी थांबवून थांबवून सांगत होतो. मिठाच्या प्रसंगी ती म्हणाली, ‘अरे, आधी चोर म्हणाली आणि आता मीठ मागतेय?’ आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नंतर तिने तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि या वेळी मला मध्ये बोलू दिले नाही.

पुढची कथा पॅरिसमध्ये घडते. अत्तराच्या कंपनीची मालकीण मारिएट कोले (के फ्रान्सिस) हिची सव्वा लाख फ्रँकची पर्स गॅस्टन चोरतो आणि ती विकण्यापेक्षा बक्षिसाचे २०,००० फ्रँकच जास्त भरतात म्हणून सज्जनासारखी परत करतो. तिचा सचिव झाल्यावर हिशेब तपासताना त्याला आढळते की, संचालक मंडळाचा प्रतिष्ठित अध्यक्षच वर्षानुवर्षे कंपनी लुटत आला आहे. पोलिसांचे भय मात्र गॅस्टनलाच! महामंदीच्या काळात निघालेल्या विनोदी चित्रपटातली ही चीड मला फार मोलाची वाटते. गॅस्टन मारिएटवर खरोखर जीव लावतो आणि तरीही लिलीबरोबर निघून जातो. टॅक्सीत बसल्यावर दोघांची उचलाउचली पुन्हा सुरू होते.

हा चित्रपट मागे का पडला, याचे उत्तरही येथेच आहे. १९३४ पासून हॉलिवूडची नीतिसंहिता काटेकोरपणे लागू झाली, तीत गुन्हेगाराला शिक्षा होणे आवश्यक होते. परिणामी १९३५ मध्ये या चित्रपटाच्या पुनर्प्रदर्शनाला परवानगी नाकारली गेली आणि पुढची अनेक दशके तो प्रेक्षकांच्या नजरेआड राहिला. निव्वळ शैलीच्या दृष्टीने आपण याहून सरस काही केलेले नाही, असे खुद्द लुबिच यांनी १९४७ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, लिहिले होते.

तेव्हा पुरवणीत या चित्रपटावर स्वतंत्र, सविस्तर लेख यावा, अशी विनंती आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत चित्रपटप्रेमींची मंडळे चालवणाऱ्यांनीही तो मराठी उपशीर्षकांसह दाखवण्याचे मनावर घ्यावे. उपशीर्षकांसाठी संवादांचा अनुवाद करण्याची माझी तयारी आहे. आईला सांगता सांगता निम्मा झालाच आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)